तोंड येणे, न भरणारी जखम आणि लेझर: एका पत्राला सविस्तर उत्तर

चोपडा तालुक्यातील एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे वय ३८ वर्षे. गेली सहा-सात वर्षे दर महिना-दीड महिन्याने मला तोंड येते. ओठाच्या आत आणि जिभेच्या टोकाला दोन-तीन पांढरे फोड येतात आणि आठ-दहा दिवस जेवण नकोसे होते. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, जेल, जाईचा पाला, सगळे करून झाले. आता एका दवाखान्यात लेझरच्या सहा सीटिंग घ्या, पुन्हा तोंड येणार नाही, असे सांगितले आहे. लेझरचा खरोखर उपयोग होतो का? त्याचा काही अपाय आहे का? वडिलांनाही त्याच वेळी दाखवावे म्हणतो. त्यांचे वय ६६ आहे, ते शेती करतात आणि त्यांना तंबाखू-चुन्याची सवय आहे. त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला दोन महिन्यांपासून जखम आहे, पण ती दुखत नसल्यामुळे ते लक्ष देत नाहीत. त्यांना लेझर चालेल का?"

सर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देणार आहे, पण आधी वडिलांविषयी लिहितो, कारण तुमच्या उपचाराला थोडा उशीर चालेल, त्यांच्या तपासणीला चालणार नाही. वय साठीच्या पुढचे, तंबाखूची अनेक वर्षांची सवय, जिभेची कड आणि दोन महिने न भरलेली जखम, या चार गोष्टी एकत्र आल्या की त्या जखमेला लेझर, जेल, गोळी यांपैकी काहीही देण्याआधी तिचा तुकडा काढून तपासणे, म्हणजेच बायोप्सी करणे, हे पहिले काम ठरते. ती जखम कर्करोगाचीच आहे असे मी न पाहता म्हणणार नाही. कदाचित शेजारच्या तुटलेल्या दाढेची धार घासून ती झालेली असेल. परंतु तोंडातील कोणतीही जखम तिचे कारण दूर केल्यानंतर दोन आठवड्यांत भरली नाही तर ती संशयास्पद मानायची, हा आमच्या शास्त्रातील सर्वांत साधा आणि सर्वांत उपयोगी नियम आहे, आणि तुमच्या वडिलांच्या बाबतीत ती मुदत कधीच उलटून गेली आहे. आपल्याकडे कापूस वेचून होऊ द्या, केळीची कापणी उरकू द्या, मग जाऊ, असे म्हणता म्हणता हंगाम सरतो. या कामाला हंगाम लावू नका, याच आठवड्यात त्यांना घेऊन जा.

दुखत नाही म्हणून ती साधी आहे, हा समज मी रोज ऐकतो आणि रोज खोडून काढतो. साधा तोंडाचा फोड अतिशय झोंबतो. सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगाची जखम मात्र बहुतेक वेळा मुकी असते. ती दुखू लागते तेव्हा ती खोलवर गेलेली असते, किंवा तिच्यात जंतुसंसर्ग झालेला असतो. डोळ्यांपेक्षा बोटाला येथे अधिक कळते. हातमोजा घालून मी अशा जखमेखाली बोट फिरवतो, तेव्हा साध्या फोडाचे बूड शेजारच्या मांसाइतकेच मऊ लागते. संशयास्पद जखमेखाली मात्र जिभेच्या मांसात सुपारीचे खांड अडकल्यासारखा कडकपणा जाणवतो, तिच्या कडा किंचित उचललेल्या असतात आणि बोट लावताच थोडे रक्त येते. त्यानंतर मी जबड्याखाली आणि मानेच्या बाजूने बोटे फिरवून गाठी लागतात का हे पाहतो. या तपासणीला पाच मिनिटेही लागत नाहीत आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. ज्या दवाखान्यात जखमेला हात न लावता थेट लेझरचा दर सांगितला जातो, तेथून उठून यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बायोप्सी म्हटले की घरातील कोणीतरी हमखास म्हणते की सुरी लागली की रोग पसरतो. ही भीती कोठून आली हे मला समजते. खेडोपाडी माणसे इतक्या उशिरा येत असत की तुकडा काढला जाई तेव्हाच रोग मानेत उतरलेला असे. पुढच्या दोन-तीन महिन्यांत प्रकृती ढासळली की दोष तपासणीला दिला जाई. प्रत्यक्षात तोंडातील जखमेचा लहानसा तुकडा काढल्याने रोग वाढत नाही. निदानाला उशीर झाल्याने मात्र तो निश्चित वाढतो. प्रक्रिया अगदी लहान असते. दोन टक्के लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, जखमेच्या कडेचा तुरीच्या दाण्याएवढा भाग, थोडा आजारी आणि थोडा निरोगी दिसणारा, असा पात्याने काढतात, एक-दोन टाके घालतात आणि तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत ठेवून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. अहवाल साधारण आठवडाभरात येतो. धुळ्याच्या दंत महाविद्यालयात किंवा जळगाव, धुळे, नंदुरबार येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी केलीत तर ही तपासणी खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्चात होऊ शकते.

येथे मला माझ्याच कामातील एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे एक गृहस्थ जिभेच्या कडेची जखम घेऊन आले. दाढेची कड टोकदार होती, मी ती घासून गुळगुळीत केली. जखम झोंबत होती म्हणून कमी शक्तीच्या लेझरचा प्रकाशही दिला आणि पंधरा दिवसांनी या असे सांगितले. त्यांचे दुखणे दोन दिवसांत थांबले. दुखणे थांबल्यामुळे ते पंधरा दिवसांनी आले नाहीत, आणि मीही निरोप पाठवला नाही. चार महिन्यांनी ते आले तेव्हा मानेत गाठ होती. दाढ घासणे बरोबर होते, पंधरा दिवसांनी बोलावणे बरोबर होते, पण वेदना हीच त्यांना परत आणणारी एकमेव गोष्ट होती आणि ती मी काढून घेतली होती. तेव्हापासून निदान न झालेल्या जखमेची वेदना मी लेझरने शमवत नाही, आणि ज्यांना फेरतपासणीला बोलावले आहे त्यांची नावे वहीत लिहून, न आल्यास घरी फोन करतो.

वडिलांच्या जखमेला आत्ता लेझर नको असे मी म्हणतो त्यामागे आणखी काही कारणे आहेत. जास्त शक्तीच्या लेझरने जखम जाळून टाकली तर तपासायला ऊतकच, म्हणजे त्या जागेचे मांसच, उरत नाही. वरचा भाग वाफ होऊन गेला आणि खाली काय होते हे कोणालाच कळले नाही, अशी अवस्था होते. लेझरनेच तुकडा कापला तर त्याच्या कडा उष्णतेने करपतात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नेमक्या त्या कडाच वाचायच्या असतात. कमी शक्तीचा प्रकाश तर पेशींना चालना देण्यासाठीच वापरतात. ज्या पेशींचे स्वरूप आपल्याला ठाऊक नाही त्यांना चालना देण्याचे कारणच नाही. म्हणून संशयास्पद जखमेचा पहिला तुकडा साध्या पात्यानेच काढलेला बरा.

आता लेझर म्हणजे नेमके काय ते पाहू, कारण या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळे उपचार विकले जातात. लेझर हा एकाच तरंगलांबीचा, एका दिशेने जाणारा प्रकाश असतो. पहिला लेझर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत माणकाच्या कांडीपासून तयार केला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर घडवणारे कुमार पटेल हे मूळचे बारामतीचे आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. त्यांच्या लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि ती पाण्यात फार चटकन शोषली जाते. तोंडातील मऊ भागात पाणीच अधिक असल्यामुळे हा किरण वरच्या वर, उथळ आणि नेमका कापतो. आपल्या जिल्ह्यांतील दंत दवाखान्यांत मात्र बहुतेक करून डायोड लेझर असतो. तो पाठ्यपुस्तकाएवढ्या पेटीत मावतो, त्याची तरंगलांबी ८१० ते ९८० नॅनोमीटरच्या आसपास असते आणि त्याचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये व त्वचेच्या रंगद्रव्यात शोषला जातो. त्यामुळे कापतानाच लहान रक्तवाहिन्या बंद होत जातात. टोकाशी दिसणारा लाल ठिपका हा केवळ नेम धरण्यासाठी असतो. काम करणारा किरण डोळ्यांना दिसतच नाही, आणि म्हणूनच तो डोळ्यांना धोकादायक असतो.

याच पेटीची शक्ती वाढवली की ते कापण्याचे साधन होते. शक्ती अगदी कमी ठेवून, टोक न टेकवता प्रकाश दिला की ऊतक कापले जात नाही, करपत नाही, पण वेदना कमी होते आणि जखम भरण्याला मदत होते. हंगेरीतील एंड्रे मेस्टर यांना १९६७ मध्ये उंदरांवर प्रयोग करताना असे दिसले की कमी शक्तीचा लेझर दिलेल्या जागी कापलेले केस लवकर उगवतात. तेथून या दुसऱ्या उपचाराची वाट सुरू झाली. तुम्हाला सांगितलेल्या सहा सीटिंग याच प्रकारच्या असाव्यात.

तुमच्या वर्णनावरून तुमचे दुखणे वारंवार येणाऱ्या साध्या ॲफ्थस फोडांचे दिसते. हे फोड ओठाच्या आत, गालाच्या आत, जिभेच्या टोकाला किंवा खाली, म्हणजे मऊ आणि हलणाऱ्या भागावर येतात. मध्ये पिवळसर पांढरा थर, भोवती लाल कडे, आकार एक सेंटिमीटरपेक्षा कमी, आणि दहा ते चौदा दिवसांत व्रण न ठेवता आपोआप बरे होणे, ही त्यांची ओळख. ते संसर्गजन्य नसतात, एका ताटात जेवल्याने मुलांना होत नाहीत. एक सेंटिमीटरपेक्षा मोठा, महिनाभर राहणारा आणि व्रण ठेवून जाणारा फोड हा त्याच रोगाचा गंभीर प्रकार असून त्याला तज्ज्ञाकडेच दाखवावे. ओठाच्या बाहेरच्या कडेला किंवा हिरडीवर झुपक्याने येणाऱ्या बारीक पाणीदार पुळ्या मात्र वेगळ्या, त्या नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणूच्या असतात आणि त्या पसरतात.

ॲफ्थस फोडाला लेझरचा उपयोग होतो का? होतो, आणि तो मी अनेक वेळा डोळ्यांनी पाहिला आहे. रुग्णाच्या आणि माझ्या डोळ्यांवर त्या तरंगलांबीचे चष्मे असतात, फोड कापसाने हलकेच कोरडा केलेला असतो आणि टोक दोन-तीन मिलिमीटर अंतरावर धरून मी ते फोडावर आणि भोवतीच्या लाल कड्यावर लहान-लहान वर्तुळांत फिरवत राहतो. अर्धा मिनिट झाला की थांबतो, पुन्हा तेवढाच वेळ देतो. भूल लागत नाही. रुग्णाला किंचित ऊब जाणवते, आणि चटका वाटला तर हात वर करायचा असे आधीच ठरलेले असते. तीन-चार वेळा झाल्यावर मी जीभ फोडाला लावून बघा असे सांगतो. पारोळ्याकडच्या एका आजीबाई आत येताना "तोंडले झोंबस" म्हणत पदर तोंडावर धरून आल्या होत्या. त्यांनी जीभ फिरवली, पाण्याचा घोट घेतला आणि "आते झोंबस नही" एवढेच म्हणाल्या. चार दिवस कळण्याची भाकरी दुधात भिजवून गिळणाऱ्या माणसाला त्या संध्याकाळी नीट जेवता येते, ही गोष्ट मी किरकोळ मानत नाही. फोड भरण्याचा काळही पुष्कळांत काही दिवसांनी कमी होतो, विशेषतः पहिल्या एक-दोन दिवसांतच प्रकाश दिला तर.

पण पुन्हा तोंड येणारच नाही, हे वचन कोणत्याही लेझरला पाळता येत नाही. प्रकाश त्या फोडावर काम करतो. पुढच्या महिन्यात नवा फोड आणणारे कारण शरीरात असते, तेथे तो पोहोचत नाही. शिवाय फोड दहा दिवसांत बरा होणार असेल तर त्याच्यासाठी सहा सीटिंगचे आगाऊ पैसे भरण्यात अर्थ नाही. फोड आला की लगेच जाऊन एक, फार तर दोन वेळा प्रकाश घ्यावा. फोड नसताना निरोगी तोंडात लेझर फिरवून घेऊ नये.

तुमचे पैसे आधी रक्ततपासणीवर खर्च करा. हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्तगणना, लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, जीवनसत्त्व बी १२, फॉलिक ॲसिड आणि रक्तातील साखर, एवढे पुरे. लोह, बी १२ किंवा फॉलिक ॲसिडची कमतरता सापडली आणि ती नीट भरून काढली तर पुष्कळ रुग्णांचे फोड कमी होतात. शुद्ध शाकाहारी घरांत बी १२ची कमतरता वारंवार आढळते. मात्र दुकानातून आणलेली बी कॉम्प्लेक्सची पट्टी पाच दिवस खाऊन सोडून देणे म्हणजे कमतरतेचा उपचार नव्हे. किती मात्रा आणि किती महिने, हे अहवाल पाहूनच ठरते. त्याबरोबर तुमची टूथपेस्ट पाहा. फेस आणणारे सोडियम लॉरिल सल्फेट काहींच्या तोंडाला सोसत नाही, त्याविना असलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून पाहावी. एखादी दाढ किंवा भरलेल्या सिमेंटची कड एकाच जागी टोचते का, परीक्षांच्या दिवसांत आणि जागरणात फोड वाढतात का, हेही कागदावर लिहून ठेवा. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, डोळे लाल होणे किंवा जननेंद्रियावर असेच फोड येणे यांपैकी काही असेल तर संकोच न करता सांगा, कारण मग आतड्यांचा किंवा बेहसेट नावाचा आजार शोधावा लागतो. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी एक गोष्ट जपावी. ही गोळी बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, ती चुकून रोज घेतली गेली की तोंड सोलवटून निघते आणि जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाला दंतवैद्याकडे नव्हे, तातडीने रुग्णालयात न्यावे.

घरगुती उपायांविषयी तुम्ही विचारले नाही, पण तुम्ही जाईचा पाला लिहिला आहे म्हणून सांगतो. जाईची किंवा पेरूची कोवळी पाने चघळणे, फोडाला साजूक तूप लावणे, कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरणे, यांना माझी हरकत नाही. फोडावर चुना, तुरटीचा खडा, लवंगेचे तेल किंवा डोकेदुखीची गोळी चुरून लावणे याला मात्र ठाम हरकत आहे. फोडाच्या जागी मग भाजलेली जखम होते आणि दहा दिवसांचे दुखणे महिन्याचे होते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांवर गेला की उष्णतेने तोंड आले म्हणून रुग्ण येतात. त्या दिवसांत पाणी कमी पडून तोंड कोरडे राहते आणि कोरडे गाल दातांना लवकर घासले जातात, एवढे त्यातले खरे मानून पाणी भरपूर प्यावे. ठेचा आणि काळ्या मसाल्याची शेवभाजी यांनी हे फोड निर्माण होत नाहीत, पण आलेल्या फोडावर त्यांचा जाळ होतो, तेवढे दिवस त्यांना सुट्टी द्यावी.

लेझरचे खरे कौतुक कोठे करावे, तर निदान निश्चित झालेल्या लहान गाठींच्या शस्त्रक्रियेत. खालच्या ओठाच्या आत चावल्याने येणारी पाण्याची गाठ, गाल वारंवार चावला जाऊन आलेला मांसाचा कडक गोळा, सैल कवळीच्या कडेने वाढलेली हिरडीची झालर, या गोष्टी लेझरने काढताना रक्त फार कमी जाते, टाके बहुधा लागत नाहीत आणि सूज कमी येते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना याचा विशेष लाभ होतो, आणि विजेच्या सुरीत शरीरातून विद्युतप्रवाह जातो तसा यात जात नसल्यामुळे पेसमेकर असलेल्यांनाही तो सोयीचा पडतो. रक्त पातळ करणारी गोळी मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. सातपुड्यातील आणि नंदुरबारकडील अनेक कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो, त्या रुग्णांनी ही गोष्ट कोणत्याही लहान शस्त्रक्रियेआधी सांगितलीच पाहिजे. लेझरनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जागेवर पांढरा-पिवळा पापुद्रा दिसतो. तो पू नसतो, जखमेचे ते नैसर्गिक आवरण असते, ते खरवडू नये. आणि काढलेली गाठ कितीही साधी वाटली तरी ती तपासणीला पाठवा असा आग्रह धरा.

पांढऱ्या चट्ट्यांची गोष्ट अधिक अवघड आहे. तंबाखूची गोळी ठेवण्याच्या जागी येणारा, कापसाने पुसला न जाणारा पांढरा चट्टा, म्हणजे ल्युकोप्लाकिया, लेझरने काढता येतो आणि जागा चांगली भरते. पण तंबाखू आणि मिसरी चालू राहिली तर तो परत येतो, आणि चट्टा काढल्याने पुढे कर्करोग होणारच नाही अशी हमी मिळत नाही. म्हणून आधी बायोप्सी, नंतर लेझर, आणि नंतर वर्षानुवर्षे दर काही महिन्यांनी तपासणी, असा तो उपचार असतो. लाल मखमली चट्टा पांढऱ्यापेक्षा अधिक धोकादायक असतो, त्याला एक दिवसही थांबू नये. दोन्ही गालांत जाळीसारख्या पांढऱ्या रेषा आणि जळजळ असेल तर तो बहुधा लायकेन प्लेनस असतो. त्याला स्टिरॉइडचे मलम मुख्य उपचार असून प्रकाशाची थोडी जोड देता येते.

सुपारीने तोंड आखडण्याच्या आजाराबद्दल मला फार वाईट वाटते, कारण त्यात विशी-पंचविशीची मुले येतात. महाविद्यालयाच्या कट्ट्यावर पुडी सुरू होते, आधी तिखट झोंबू लागते, मग गालाच्या आत दोऱ्यासारखे पट्टे हाताला लागतात आणि तीन बोटे उभी मावणाऱ्या तोंडात दोनच मावतात, पुढे एकच. भारतात हा आजार एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच नोंदवला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत गणले, आणि महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही पुडी मिळते, हे मला माझ्या खुर्चीतल्या तोंडांतून दिसते. या आजारात लेझरने पट्टे कापता येतात, पण सुपारी सुटली नाही आणि तोंड उघडण्याचे व्यायाम रोज, महिनोन्महिने केले नाहीत तर तेच पट्टे पुन्हा धरतात. तुम्ही शिक्षक आहात, आठवी-नववीच्या वर्गात तीन बोटांची ही चाचणी मुलांना स्वतःवर करायला लावा. ज्याची बोटे अडतील तो मुलगा तुम्हाला त्याच क्षणी सापडेल.

अपायाविषयी तुम्ही विचारलेत. योग्य शक्तीत आणि प्रशिक्षित हातात लेझर सुरक्षित आहे. धोका आहे तो डोळ्यांना, कारण स्टीलच्या आरशावरूनही किरण उलटतो. म्हणून खोलीतील प्रत्येकाने, सोबत आलेल्या नातेवाइकानेही, त्या तरंगलांबीचा चष्मा घातला पाहिजे. कापताना उठणाऱ्या धुरात विषाणू असू शकतात, त्यासाठी जोरदार शोषण यंत्र आणि चांगला मुखपट्टा लागतो. टोक एकाच जागी रेंगाळले तर खालचे हाड किंवा दात तापतो. कोणता लेझर आहे, कोणत्या निदानासाठी वापरणार आहात आणि काढलेला भाग तपासणीला पाठवणार का, हे तीन प्रश्न विचारले की समोरच्या डॉक्टरांची तयारी तुम्हाला कळेल. चांगल्या डॉक्टरला हे प्रश्न कधीही खटकत नाहीत.

कमी शक्तीच्या लेझरचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या ठिकाणी आहे ते ठिकाण कर्करोगाच्याच उपचारात आहे. तोंड-घशाला रेडिएशन घेताना आतली त्वचा सोलवटते, पाणी गिळणेही कठीण होते आणि काहींना उपचार मध्येच थांबवावा लागतो. रेडिएशनच्या दिवसांत हा प्रकाश नियमित दिला तर तो त्रास टाळता किंवा कमी करता येतो, आणि आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस आहे. वडिलांचा अहवाल वाईट आला आणि रेडिएशन लागले, तर तेव्हा लेझरविषयी जरूर विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनचा समावेश आहे, त्यासाठी शिधापत्रिका आणि आधार कार्ड जवळ ठेवा.

वडिलांना सांगताना मात्र काही लपवू नका. दाढ घासायला जाऊ या, असे सांगून आणलेल्या माणसाच्या तोंडात सुई गेली की तो पुन्हा येत नाही. दोन महिने जखम भरली नाही म्हणून तुकडा तपासायचा आहे, बधिर करून करतात, त्याच दिवशी घरी यायचे, एवढे सरळ सांगा. येताना ते घेत असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत आणा. सकाळी नाश्ता करून या, उपाशीपोटी नको. मधुमेह असेल तर नेहमीची गोळी घेऊनच निघा. अहवाल आला की तो घेऊन तुम्ही स्वतः डॉक्टरांसमोर बसा, आणि अहवाल साधा निघाला तरी जखम पूर्ण भरेपर्यंत दर पंधरा दिवसांनी दाखवत राहा. पूर्ण भरली नाही तर तुकडा दुसऱ्यांदा काढावा लागतो, हे त्यांना आजच सांगून ठेवा.